पीठ पेरलेली भाजी कच्चट लागायची, ती अशी सुधारली

कांद्याची पात, ढोबळी मिरची, मेथी, कोबी. घरात असेल त्याची मी पीठ पेरून भाजी करते. पण बेसन कच्चट लागायचं, गोळे व्हायचे. पीठ तसंच ओल्या भाजीवर ओतत होते, तिथेच चुकत होतं.

आता पाव किलो पातीला 4 मोठे चमचे बेसन आधी मंद आचेवर कोरडंच भाजते, खमंग वास सुटेपर्यंत. फोडणीला तेल जरा सढळ. मीठ मात्र बेतानं, कारण पात शिजून एवढीशी होते. भाजी अर्धवट शिजली की पीठ थोडंथोडं भुरभुरायचं, पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवून दोन वाफा काढायच्या. परवा पात कमी होती म्हणून मुळ्याचा पाला घातला, सुरेख लागला. तळाची खरपूड मुलाला भाकरीबरोबर हवीच असते.