कपाशीला पाणी देताय? या चुका टाळा

पाऊस उघडला की फोन सुरू, काका मोटर किती तास चालवू. अरे तास मला काय विचारतो, वावरात जा, वीतभर उकर, माती मुठीत दाब. गोळा झाला आणि सहज फुटला नाही तर ओल आहे, बटणाला हात लावू नको. आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, पण लोक शेजाऱ्याची मोटर ऐकून आपली चालू करतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे आधी ताण देणं आणि मग एकदम तुडुंब भरणं. चोपड्याकडच्या माझ्या भाच्याने हेच केलं. ऑगस्टात पावसाने ओढ दिली, कपाशी पाते (म्हणजे कळ्या) आणि फुलांनी लदलेली, आणि हा आज येईल उद्या येईल करत बसला. मग रात्रीची लाईट आली तशी सगळ्या सऱ्या भरून मोकळा. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन, "मामा, अख्ख्या वावराने मान टाकली." तोवर दुकानदाराने बुरशीनाशक आणि टॉनिकची पिशवी हातात दिलेली. म्हटलं आधी एक झाड उपट. मूळ पांढरं, साल शाबूत. मूळकुज असती तर झाड सहज हातात आलं असतं, साल सुटली असती. ही आकस्मिक मर, ताणातल्या झाडाच्या मुळाशी एकदम पाणी साचलं, हवा कोंडली, मूळ काम करेना, म्हणून पाण्यात उभं राहून झाड सुकतं. यात आधी चर काढून पाणी बाहेर काढायचं, मग 100 लिटर पाण्यात दीड किलो युरिया आणि दीड किलो पोटॅश, झाडाच्या बुडाशी 150 मिली, तेही दिवस-दोन दिवसांत. भाच्याने तेवढा वेळ दुकानात घालवला. उताराची झाडं सावरली, खोलगटातली गेली.

मी उघडीप लांबायच्या आत एक सरी आड हलकं पाणी देतो, राहिलेल्या सऱ्या पुढच्या पाळीला. पोरांना हे रडगाणं वाटतं, त्यांना एका रात्रीत सगळं वावर भिजवायचंय.

ठिबकवाल्यांचं वेगळंच. नळ्या अंथरल्या की पाणी वाचलं असं समजतात, आणि नळीच्या टोकाची टोपी हंगामभर उघडत नाहीत. मी मोटर चालू असताना एका वेळी चार-चार नळ्यांच्या टोप्या उघडून गाळ जाऊ देतो. फिल्टर चोंदतो म्हणून जाळीच काढून फेकणारे पण पाहिलेत! खत सोडून झालं की लगेच मोटर बंद करू नका, वीसेक मिनिटं साधं पाणी जाऊ द्या, नाहीतर खत ड्रीपरमध्येच बसतं.

पाते, फुलं आणि बोंडं भरताना ताण नको.

पाणी आणि युरिया दोन्ही जास्त झाले की झाड माजतं, पाते गळतात, मग म्हणे बियाणं खराब.

आणि विहिरीला पाणी आहे म्हणून फरदड, म्हणजे वेचणी झाल्यावरही पाणी देऊन तीच कपाशी पुढे, ठेवू नका, गुलाबी बोंडअळीला आयतं खायला मिळतं. डिसेंबरात पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) उपटा, उरलेलं पाणी हरभऱ्याला द्या, एक फुलोऱ्याआधी आणि एक घाटे भरताना.