एक्स्टेंडेड वॉरंटी नाकारली तर
आमच्या गाडीचा एसी कॉम्प्रेसर चौथ्या वर्षी बसला. एक्स्टेंडेड वॉरंटी (मूळ वॉरंटीच्या पुढची, जादा पैसे देऊन घेतलेली) चालू होती, तरी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने काउंटरवरूनच हात झटकले: "वॉरंटीत नाही बसत, साहेब." तोंडी नकाराला काडीची किंमत नाही. तो ईमेलवर मागा, कोणत्या कलमाखाली नाकारलं त्यासकट. 'वेअर अँड टेअर', म्हणजे वापराने झालेली झीज, एवढंच उत्तर आलं, तर पुस्तिकेतली वगळलेल्या पार्टची यादी उघडा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर सहसा त्यात असतात; आमच्या यादीत कॉम्प्रेसर नव्हता.

जॉबकार्डावर, म्हणजे गाडी देताना सर्व्हिस सेंटर भरतं त्या कामाच्या कागदावर, सही करण्याआधी तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ते नुसतं 'एसी चेक' खरडतात. मी लिहायला लावलं: 'एसी लावला की खरखर, थोड्या वेळाने गरम हवा.' काढलेला पार्ट भंगारात जाऊ देऊ नका, फोटो काढा. गाडीवाचून अडलंय म्हणून पैसे भरावेच लागले, तर 'हक्क राखून भरतोय' असं ईमेलने कळवा.

वॉरंटी नेमकी कोणाची, तेही बघा. कधी ती गाडीच्या कंपनीची नसतेच, दुसऱ्याच कंपनीची असते, मग दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात. तक्रारीत दोघांनाही ओढा.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन फुकट आहे. तिथे भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, वकीलही सक्तीचा नाही. मुदत मात्र तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं.