शोच्या आदल्या रात्री गाडीची वाट लावू नका: जुनी मसल कार लोकांसमोर नेताना या चुका टाळा

ऑगस्टचा तिसरा शनिवार जवळ आला की आमच्या डेट्रॉईटच्या बाजूला रात्री उशिरापर्यंत गॅरेजांमधले दिवे चालू दिसतात. वुडवर्ड ड्रीम क्रूझ. १९९५ पासून चालू आहे, फर्नडेलपासून पॉन्टिॲक शहरापर्यंत साधारण १६ मैल जुन्या गाड्या मुंगीच्या पावलांनी जातात आणि लोक दोन्ही बाजूला खुर्च्या टाकून बसतात. इतकी वर्षं बघून माझं ठाम मत झालंय, की वर्षभर नीट असलेली गाडी शेवटच्या चार दिवसांत मालकाच्याच उत्साहामुळे बिघडते. माझी १९६८ ची पॉन्टिॲक जीटीओ आहे, म्हणजे जनरल मोटर्सच्या पॉन्टिॲक ब्रँडची मोठ्या इंजिनाची मसल कार, ४०० क्युबिक इंचांचं म्हणजे ६.६ लिटरचं इंजिन आणि वर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर, त्यामुळे उदाहरणं तिचीच देते.

पहिली चूक, आदल्या रात्री इंजिन धुणं. मी स्वतः केलीये. पाईप लावून धुतलं, छान चकाचक दिसलं, सकाळी स्टार्टर नुसता फिरतोय, गाडी काही पकडेना. तासभर पेट्रोल, पंप, चोक सगळं बघितलं आणि मग स्पार्क प्लगना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली, तर आत दव पडल्यासारखे बारीक थेंब. कोरड्या फडक्याने कॅप आणि रोटर पुसला, थोडा वेळ हेअर ड्रायर मारला, दुसऱ्या सेल्फला सुरू! तेव्हापासून इंजिनवर पाणी नाहीच, फक्त ओलसर फडकं, ब्रश आणि वेळ, आणि तेही आठवडाभर आधी.

आता रंग. इथे सगळ्यात जास्त नुकसान होतं म्हणून जरा सविस्तर लिहिते. साठच्या दशकात जनरल मोटर्सच्या गाड्यांवर लॅकर प्रकारचा रंग असायचा, वरून क्लिअरकोट म्हणजे पारदर्शक थर नाही, म्हणजे तुम्ही घासता तो थेट रंगच असतो. अर्थात आज बऱ्याच गाड्या पुन्हा रंगवलेल्या असतात, तेव्हा आधी डिकीच्या आतल्या कडेला पांढऱ्या फडक्यावर थेंबभर पॉलिश घेऊन हलकं चोळा. फडक्यावर गाडीचा रंग आला तर क्लिअरकोट नाहीये. मग मशीन बाजूला ठेवा, निदान कडांपासून आणि बॉनेटच्या धारेपासून तरी लांब ठेवा, कारण तिथे रंगाचा थर सगळ्यात पातळ असतो आणि एकदा खालचा प्रायमर दिसला की पॉलिशने काही होत नाही, रंगवायलाच लागतं. ६८ च्या जीटीओचा पुढचा बंपर सहसा क्रोमचा नसतो, एन्ड्युराचा असतो, रबरासारखा आणि बॉडीच्याच रंगाचा. त्याच्यावर घाईत साधा टच-अप मारू नका, रंगात लवचिकपणा आणणारं मिश्रण नसेल तर पुढे तडे जातात. आणि खिडक्यांभोवतीच्या सगळ्याच चमकत्या पट्ट्या स्टीलच्या नसतात, काही ॲनोडाईज्ड, म्हणजे वर पातळ संरक्षक थर चढवलेल्या, ॲल्युमिनियमच्या असतात, त्यांच्यावर मेटल पॉलिश घासलं की तो थर निघून पट्टी ढगाळ दिसायला लागते. त्यांना साबणपाणी पुरतं.

आणि कुंकू! गाडी पहिल्यांदा शोला निघाली तेव्हा आईने हौसेने बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. दिवसभर ऊन होतं, रात्री पुसायला गेले तर गुलाबी स्वस्तिक जसंच्या तसं. कुंकवातला रंग लॅकरमध्ये मुरला होता, तीन वेळा हाताने पॉलिश केलं तेव्हा कुठे गेलं. पूजा जरूर करा, मीही करते, पण कुंकू काचेच्या कोपऱ्यात लावा.

क्रूझमध्ये दिसणारा नेहमीचा प्रॉब्लेम म्हणजे गरम होणं. हायवेवर टेम्परेचरचा काटा जागेवर आणि रांगेत लागलं की वर चढतो, असं असेल तर दोष बहुतेक वेळा हवेचा असतो: पंखा फिरवणारा फॅन क्लच ढिला झालाय किंवा कोणीतरी इंजिन काढताना पंख्याभोवतीचं कव्हर, श्राऊड म्हणतात ते, काढून परत लावलंच नाही. उलट वेगात चढतो आणि थांबल्यावर ठीक असेल तर आधी रेडिएटर आतून चोक झालाय का ते बघा. रांगेत अडकलाच तर एसी असेल तर बंद, हीटर फुल, गाडी न्यूट्रल आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबून ठेवा. घामाघूम व्हाल पण इंजिन वाचेल. रेडिएटरचं झाकण गरम असताना अजिबात उघडायचं नाही.

दुसरं म्हणजे लोकांना दाखवायला गाडी बंद केली आणि वीस मिनिटांनी सुरूच होत नाही. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ७८ अंशांना उकळतं, आणि बंद केल्यावर इंजिनची उष्णता वर कार्ब्युरेटरपर्यंत चढते, म्हणून आतलं पेट्रोल उकळतं. अशा वेळी लोक ॲक्सिलरेटरचं पॅडल पंप करत सुटतात आणि इंजिन पेट्रोलमध्ये अजून बुडवतात. आधी एअर क्लीनर काढून आत बघा. आत ओलं आणि पेट्रोल टपकत असेल तर पॅडल खालपर्यंत दाबून धरा, पंप करू नका, आणि सेल्फ मारा. कोरडं असेल आणि थ्रॉटल हाताने हलवूनही धार येत नसेल तर बाऊल, म्हणजे कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची वाटी, रिकामा झालाय, मग थोडा वेळ सेल्फ मारून पंपाला तो भरू द्या. हे बघताना जवळ कोणी सिगारेट ओढत नाहीये ना, एवढं नक्की बघा.

गाडीसमोर जो बोर्ड ठेवता त्यावर ऐकीव गोष्टी लिहू नका. ६८ च्या जीटीओ ८७,६८४ बनल्या, तिला दुर्मिळ म्हणायचं असेल तर कोणत्या ऑप्शनमुळे ते लिहा. १९६६ ते ७१ च्या जीटीओचा चासी नंबर २४२ ने सुरू होतो, तसा नसेल तर ती नंतर जीटीओचे बिल्ले लावलेली ले मॉन्स किंवा टेम्पेस्ट, म्हणजे पॉन्टिॲकचंच साधं मॉडेल, असणार. ६४-६५ ला जीटीओ हे ऑप्शन पॅकेज होतं त्यामुळे नंबरावरून कळत नाही, कागद लागतात. पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून फॅक्टरीच्या मूळ बिलाची प्रत मिळते, ती फाईलमध्ये ठेवा. अशी साध्या मॉडेलवरून बनवलेली गाडी असली तरी बिनधास्त तसं लिहा, बघणाऱ्याला खोटं सांगितलेलं मला खरंच आवडत नाही.

शो हॉलच्या आत असेल तर टाकी फुल करून जाऊ नका. इथल्या फायर कोडमध्ये साधारण पाव टाकी किंवा ५ गॅलन, म्हणजे १९ लिटर, यातलं जे कमी असेल तेवढंच पेट्रोल चालतं, टाकीचं झाकण कुलूपबंद आणि बॅटरी सुटी लागते. दारात नळी लावून पेट्रोल काढत बसलेले लोक मी पाहिलेत, चकचकीत मागच्या फेंडरवर ओघळ आलेले. दोन दिवस आधीपासून पेट्रोल संपवत आणा, बॅटरीचा पाना ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा, आणि परत जाताना पहिला पंप कुठे आहे ते आदल्या दिवशीच बघून ठेवा.