हप्ते तुमचे, नाव भावाचे: कर्जातला फ्लॅट विकताना

हप्ते तुम्ही भरत असाल, पण करारावर भाऊ-वहिनीची नावं असतील, तर विक्रीखतावर सही त्यांचीच लागणार. तुमचं बँक पासबुक तिथे कामाचं नाही. म्हणून एजंटला फोन करण्याआधी इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला, मालकांची नावं असलेला उतारा) काढा आणि त्यावरच्या प्रत्येकाशी बोलून घ्या. एक जरी अडून बसला तरी गिऱ्हाईक पळतं.

कोणी परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत करून घ्यावं लागतं. ते भारतात आल्यावर 3 महिन्यांच्या आत मुद्रांक शुल्क भरायचं, हे बरेच जण विसरतात. शिवाय अनिवासी विक्रेत्याच्या वाट्यावर टीडीएसचे (पैसे देतानाच कापायच्या कराचे) नियम वेगळे असतात; खरेदीदाराला ते आधीच सांगा. सहमालक अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचा, असेल तर कोर्टाची परवानगी लागते, तिथे घाई चालत नाही.

कर्जाची बाजू त्यामानाने सोपी. बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि ताब्यातल्या कागदपत्रांची यादी मागा. सहसा खरेदीदाराची बँक तुमच्या बँकेला परस्पर रक्कम देते आणि उरलेली मालकांना. टोकनच्या पैशातून कर्ज फेडू म्हणणाऱ्यापासून मी तरी लांब राहीन. पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. सरसाई (CERSAI) या तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीतली बोजाची नोंद उतरली का, तेही बघा.

भावाने पैसे तुम्हाला देणं हा मात्र वेगळा व्यवहार. त्याआधी सीएला भेटा.