स्पेशल एज्युकेटरचं पहिलं वर्ष: मुलगा शिकत होता, पण मलाच

आयईपी (प्रत्येक मुलाची स्वतंत्र शिक्षण योजना) कशी लिहायची, गोल म्हणजे ध्येय मोजता येईल असं कसं ठेवायचं, बेसलाइन म्हणजे सुरुवातीला मुलाला किती येतं ते कसं नोंदवायचं, हे सगळं कोर्समध्ये झालेलं असतं त्यामुळे ते परत सांगत नाही. मी एकाच गोष्टीबद्दल लिहितेय, जी मला कुणी वेळेवर सांगितली नाही, किंवा सांगितली असेल पण माझ्या डोक्यात शिरली नाही, आणि त्याची किंमत एका मुलाने मोजली. अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

माझ्याकडे सात वर्षांचा एक मुलगा होता, ऑटिझम, बोलणं अगदी दोन-चार शब्द. गोल दोन होते, हात धुणं आणि दोन चित्रांतून सांगितलेलं चित्र उचलून देणं. चार महिन्यांत माझ्या नोंदींच्या शीटवर दहापैकी नऊ प्रयत्न बरोबर यायला लागले. मी खूश, आईवडील खूश, रिव्ह्यू मीटिंगमध्ये कौतुक झालं. मग मी आजारी पडून पाच दिवस घरी राहिले आणि परत आले तर माझ्या जागी बसलेली सहकारी म्हणाली, "अगं तो काहीच करत नाही, बेसिनपाशी नुसता उभा राहतो आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतो." खरं सांगते, मला तेव्हा वाटलं हिलाच जमलं नसेल.

आमच्या सिनिअर ताईंनी वाद घातला नाही. माझं एक सेशन मोबाइलवर शूट केलं आणि आवाज बंद करून मला दाखवलं. ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. मी "बॉल दे" म्हणायचे आणि माझी नजर बॉलच्या चित्राकडे जायची, दरवेळी. बरोबर कार्ड मी नकळत त्याच्या हाताजवळ ठेवत होते. त्याचा हात चुकीच्या कार्डाकडे गेला की माझं अंग जरा मागे जायचं, बरोबर कार्डाकडे गेला की मान हलायची. बेसिनपाशी तर प्रत्येक पायरीला माझं बोट त्याच्या कोपराला टेकलेलं. तो मला वाचायला शिकला होता, आणि ते त्याने फार छान शिकून घेतलं होतं. चित्राचा त्यात काही संबंधच नव्हता.

याला प्रॉम्प्ट डिपेंडन्सी म्हणतात, म्हणजे मूल आपल्या मदतीच्या इशाऱ्यावर, प्रॉम्प्टवर, अवलंबून राहतं. परीक्षेत मी त्यावर चांगलं उत्तर लिहून आले होते, तरी अडकले, कारण आपल्याला वाटतं प्रॉम्प्ट म्हणजे हात धरणं किंवा उत्तर सांगणं, मोठ्ठं काहीतरी. तसं नाही हो. नजर हा प्रॉम्प्ट आहे, कार्ड कुठे ठेवलंय हा प्रॉम्प्ट आहे, एकच प्रश्न दुसऱ्यांदा जरा वेगळ्या सुरात विचारला की तोही प्रॉम्प्ट, कारण मुलाला कळतं की पहिलं उत्तर चुकलं. आणि सगळ्यात चिवट बोलून दिलेला प्रॉम्प्ट. मागून धरलेला हात हळूहळू मनगटावरून कोपरावर, कोपरावरून खांद्यावर नेऊन सोडता येतो, पण "आता साबण घे, आता चोळ" हे एकदा पायरीलाच चिकटलं की मुलगा ते ऐकल्याशिवाय पुढे जात नाही.

माझी खरी चूक शीटमध्ये होती. मी फक्त बरोबर आणि चूक लिहीत होते. मदतीने आलेलं बरोबर आणि स्वतःहून आलेलं बरोबर एकाच रकान्यात. आता मी प्रत्येक प्रयत्नापुढे खूण करते: स्व म्हणजे स्वतः, न नजर, बो बोट, श शब्दाने, हा हात धरून, आणि टक्केवारी काढताना फक्त स्व मोजते. असं मोजल्यावर त्याचे दहापैकी नऊ होते ते दोनवर आले. तुमचेही येतील. येऊ द्या. खोटा नऊ मुलाला पुढच्या वर्गात ढकलतो आणि तिथे त्याच्याशेजारी तुम्ही नसता.

दुसरी गोष्ट थांबणं. मेरी बड रो नावाच्या संशोधिकेने १९७० च्या दशकात साध्या वर्गांत मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब आणि चांगली येतात. ही साधी शाळेतली मुलं. ज्याला ऐकलेलं पोचायलाच वेळ लागतो, किंवा सेरेब्रल पाल्सीमुळे हात उचलायला वेळ लागतो, त्याला किती द्यायला हवा? मी मनात आकडे मोजते, हात पाठीमागे बांधून. सुरुवातीला ती शांतता सहन होत नाही, बाजूला पालक बसलेले असले तर अजूनच नाही.

यात शॉर्टकट विकणारे भेटतील आणि त्यांच्याबाबतीत मी जरा कडकच बोलते. फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन म्हणून एक पद्धत होती, न बोलणाऱ्या मुलाचा हात किंवा मनगट मोठ्या माणसाने धरायचं आणि मूल टाइप करतं. मुलं लांबलांब वाक्यं लिहायला लागली, घरचे रडले. मग १९९० च्या दशकात तपासलं, मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरं, एकमेकांचं दिसणार नाही असं, तर टाइप झालं ते हात धरणाऱ्याला दिसलेलं. ती माणसं लबाड नव्हती, आपण लिहितोय हे त्यांना खरंच कळत नव्हतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने १९९४ मध्येच या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर केलं, तरी ती नवीन नावांनी येत राहते. मी हे वाचलं तेव्हा मला माझं कोपराला टेकलेलं बोट आठवलं.

मेंटॉर निवडताना माझं एकच बघणं असतं, तो माणूस तुमच्यासमोर मुलाबरोबर बसून काम करून दाखवतो का, आणि त्यात फसला तर फसलो म्हणतो का. वीकेंडची सर्टिफिकेटं मी पण घेतली, भिंतीवर छान दिसतात.

आता हे वाचून कुणी उद्यापासून सगळी मदत काढून घेऊ नका, प्लीज. मुलाचा कम्युनिकेशन बोर्ड (चित्रं किंवा अक्षरं दाखवून बोलायचा फलक), श्रवणयंत्र, ब्रेल, व्हीलचेअर, भिंतीवरचं चित्रांचं वेळापत्रक हे प्रॉम्प्ट नाहीत, ते त्याचं आहे, कायमचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात कलम २४ शिक्षणाचं आहे आणि अशा सोयी हक्क म्हणून त्यात आल्यात. "बोर्ड दिला तर बोलायचं राहून जाईल" म्हणून काढून घेणारे मी पाहिलेत, त्याला काही आधार नाही. काढायचा आहे तो आपला हात.

त्याच्या आईला खरे आकडे सांगितले त्या दिवशी ती म्हणाली, "म्हणजे इतके दिवस तो काहीच शिकला नाही का मॅडम?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक माझी आहे, त्याची नाही, एवढंच म्हणू शकले. ती बराच वेळ शीट बघत बसली आणि मग विचारलं, घरी मी काय काय बोलायचं बंद करू? तुमच्यावर ही वेळ आली तर लपवू नका, पालक आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त समजून घेतात.

पुढे अडीच महिने लागले. हात धुण्याच्या सात पायऱ्या करून शेवटून शिकवलं, म्हणजे टॉवेलने पुसणं आधी, आणि दर आठवड्याला एक दिवस मुद्दाम दुसऱ्या कुणालातरी बसवलं. एका दुपारी मी दाराबाहेर होते आणि तो ओले हात घेऊन बाहेर आला, नळ तसाच वाहत होता आणि टॉवेलला हात लावला नव्हता. मी नळ बंद केला आणि शीटवर पाच वेळा स्व लिहिलं.