बाह्य ड्राइव्हवर आपोआप बॅकअप: सॉफ्टवेअर कसे निवडावे

अप्पा बळवंत चौकातील छोट्या प्रकाशकापासून कोथरूडमध्ये घरूनच हिशेब लिहिणाऱ्या लेखापालापर्यंत, ज्यांची उपजीविका संगणकातील फाइलींवर आहे अशा प्रत्येकाने बॅकअपचे सॉफ्टवेअर निवडताना, ते जुन्या आवृत्त्या जपते का, हे सर्वांत आधी पाहावे. नुसते सिंक करणारे, म्हणजे दोन ठिकाणच्या फाइली एकसारख्या ठेवणारे सॉफ्टवेअर मूळ फाइल बिघडली की बिघडलेलीच प्रत ड्राइव्हवर चढवते आणि चांगली प्रत पुसून टाकते. त्याला मी बॅकअप म्हणणार नाही.

मॅकवर २००७ पासून टाइम मशीन हे बॅकअपचे अंगभूत सॉफ्टवेअर आहे. ते गेल्या २४ तासांच्या ताशी, महिनाभराच्या दैनंदिन आणि त्याआधीच्या साप्ताहिक प्रती ठेवते व जागा संपली की सर्वांत जुन्या प्रती काढते. विंडोजमधील फाइल हिस्टरी ही फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारी सोय घरगुती कागदपत्रांना पुरते. मात्र डिस्क निकामी झाल्यावर विंडोज आणि सगळी सॉफ्टवेअर नव्याने बसवत बसायचे नसेल, तर संपूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे विंडोजसकट हुबेहूब प्रत घेणारे आणि पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून देणारे सॉफ्टवेअरच घ्यावे.

रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर, जोडलेल्या ड्राइव्हवरील फाइलीही कुलूपबंद करू शकते, म्हणून दोन ड्राइव्ह आलटूनपालटून वापरावेत आणि एक नेहमी संगणकापासून काढून ठेवावा. ड्राइव्ह पुन्हा जोडताच राहिलेला बॅकअप आपणहून पूर्ण करणारे आणि तो अयशस्वी झाल्यास स्पष्ट सूचना देणारे सॉफ्टवेअर येथे उपयोगी पडते. खरेदीपूर्वी चाचणी आवृत्तीत एक फोल्डर दुसऱ्या संगणकावर परत आणून, त्यातील मराठी नावांच्या फाइली उघडून पाहाव्यात.