हॉट रॉडची आखणी आणि इंजिनाची निवड

हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी हलकी करून तिच्यात जोरकस इंजिन बसवलेली गाडी, बांधायला निघालेला माणूस बहुधा पहिला प्रश्न इंजिनाचा विचारतो आणि अनेकदा पहिली खरेदीही इंजिनाचीच करतो. मग त्या इंजिनाला बसेल अशी चासी, तिला पेलेल असा गिअरबॉक्स आणि या सगळ्याला थंड ठेवील असा रेडिएटर शोधण्यात पुढची दोन वर्षे जातात. हे आधी कळस मग पाया असे काम आहे. इंजिन हे आखणीचे उत्तर असते, आणि ते गाडीचा वापर, कागदपत्रे, बॉडी व मोजमापे निश्चित झाल्यावर जवळजवळ आपोआप मिळते, असा माझा अनुभव आहे.

हा लेख प्रामुख्याने अमेरिकेत राहणाऱ्या मराठी हौशी मंडळींसाठी आहे. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाहीत, त्यामुळे जुन्या गाडीत भलतेच इंजिन बसवून ती रस्त्यावर आणण्याचा विचार तेथे मुळातच अडतो. हॉट रॉडची जन्मभूमीही दक्षिण कॅलिफोर्निया हीच आहे. १९३० च्या दशकात तेथील तरुण जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड काढून, वजन उतरवून म्युरॉक आणि एल मिराज येथील कोरड्या तलावांच्या सपाट तळावर वेग मोजायला नेत असत, आणि या शर्यतींना शिस्त लावण्यासाठी १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. हलकी गाडी आणि जोरकस इंजिन हे त्या मुलांचे सूत्र आजही बदललेले नाही. फक्त आता ती गाडी थांबवणे आणि थंड ठेवणे या गोष्टींचाही विचार करावा लागतो.

सुरुवात एका कोऱ्या कागदाने करावी. गाडी वर्षाला साधारण किती मैल चालणार, महामार्गावर ताशी ६५ मैलांनी तासन्‌तास धावणार की रविवारी गावात फेरी मारणार, घरातील दुसरी व्यक्ती ती चालवणार का, क्लच हवा की स्वयंचलित गिअरबॉक्स, आणि गाडी कोणत्या काळातील दिसायला हवी, या प्रश्नांची उत्तरे पूर्ण वाक्यांत लिहून काढावीत. शेवटचा प्रश्न सौंदर्याचा वाटला तरी त्यावर खर्चाचा मोठा भाग ठरतो. १९४८ साली बांधलेली वाटावी अशी गाडी करायची असेल, तर त्या वर्षानंतरचा एकही ठळक भाग तिच्यात शोभत नाही, आणि तसे जुने भाग आता स्वस्त राहिलेले नाहीत.

बॉडी निवडताना बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १९३२ ची फोर्ड असते, जिला अमेरिकन मंडळी ‘ड्यूस’ म्हणतात. तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर, १०६ इंच आहे, म्हणजे तिच्या आधीच्या मॉडेल ए पेक्षा अडीच इंचांनी जास्त, आणि चासीचे रूळ, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लांब तुळया, बाहेरून दिसावेत अशाच घडणीचे आहेत. मडगार्ड काढल्यावर ती उघडी न वाटता रेखीव दिसते, याचे कारण हेच. १९२८ ते १९३१ ची मॉडेल ए तुलनेने स्वस्त पडते, पण तिचे रूळ चार सिलिंडरच्या ४० अश्वशक्तीसाठी घडवलेले असल्याने व्ही-८ (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरचे इंजिन) बसवण्याआधी ते आतून पत्रा जोडून पेटीसारखे बंद करावे लागतात. मूळ पत्रा गंजलेला असेल, तर ओहायोतील ब्रूकव्हिल रोडस्टर ही कंपनी मॉडेल ए आणि १९३२ च्या नव्या पोलादी बॉडी बनवते. फायबरग्लासची बॉडीही वाईट नसते, मात्र तिला आतून पोलादी आधार आहे का, हे दरवाजा उघडून, बिजागरीपाशी वजन देऊन पाहावे.

पैसे देण्याआधी कागद तपासावेत. मॉडेल ए च्या काळी इंजिनावर ठोकलेला क्रमांकच गाडीचा क्रमांक धरला जाई आणि तोच चासीच्या डाव्या रुळावरही ठोकलेला असे, अनेकदा बॉडीखाली झाकला जाईल अशा ठिकाणी. मालकीच्या कागदावरचा क्रमांक मूळ इंजिनाचा असेल आणि ते इंजिन कधीच भंगारात गेले असेल, तर चासीवरचा क्रमांक हाच एकमेव दुवा उरतो. नव्या चासीवर नव्या बॉडीची गाडी बांधायची असेल, तर नोंदणीचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात दर वर्षी पहिल्या ५०० खास बांधणीच्या गाड्यांना अशी मुभा मिळते, की धुराच्या तपासणीसाठी गाडीचे वर्ष बॉडी ज्या सालासारखी दिसते त्यावरून किंवा इंजिनाच्या सालावरून धरता येते. इंजिन कोणते घ्यायचे, हे अशा नियमावरही अवलंबून असते; म्हणून मोटार वाहन कार्यालयात चौकशीची फेरी इंजिन घेण्याआधी मारावी, नंतर नव्हे.

आता प्रत्यक्ष इंजिनाकडे वळू. १९३२ च्या फोर्डबरोबर आलेले मूळ इंजिन म्हणजे फ्लॅटहेड व्ही-८. सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत एकाच ओतीव ब्लॉकचे आठ सिलिंडर देण्याची करामत हेन्री फोर्ड यांनी त्यातून साधली. २२१ घनइंच, म्हणजे ३.६ लिटर, आणि पहिल्या वर्षी ६५ अश्वशक्ती, असे ते होते. पुढे २३९ घनइंचांची आवृत्ती आली आणि १९४९ पासून मर्क्युरी गाड्यांत चार इंच स्ट्रोकच्या क्रँकमुळे ते २५५ घनइंचांपर्यंत गेले. त्याचा आवाज दुसऱ्या कोणत्याही इंजिनाला येत नाही, आणि ॲल्युमिनियमचे हेड व दोन स्ट्रॉमबर्ग ९७ कार्बुरेटर चढवलेले फ्लॅटहेड उघड्या बॉनेटमध्ये जसे दिसते, तसे आजचे कोणतेही इंजिन दिसत नाही, हे मान्य करूनच पुढचे वाचावे.

त्याची दुखणी त्याच्या रचनेतच आहेत. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्याने जळालेला वायू बाहेर पडताना ब्लॉकच्या आतून, पाण्याच्या कप्प्यांना वळसा घालत जातो, आणि प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरना मिळून एकच वाट असल्याने ती जागा विशेष तापते. सिलिंडरमधून बाहेर गेलेली उष्णता अशा रीतीने पाण्यात परत येते. दोन वॉटर पंप आणि मोठा रेडिएटर देऊनही गर्दीत अडकलेल्या गाडीचा काटा वर चढतो, तो यामुळे. दुसरी गोष्ट भेगांची. व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरकडे किंवा हेडच्या बोल्टच्या छिद्राकडे गेलेल्या बारीक भेगा साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. माझा पहिला ब्लॉक मी ‘चालू होता’ एवढ्या शब्दावर घेतला आणि मशीन शॉपमध्ये धुऊन, चुंबकीय पावडर टाकून पाहिल्यावर त्यात तीन भेगा निघाल्या. तो आज माझ्या गॅरेजमध्ये बाकड्याचा पाय म्हणून उत्तम काम देतो आहे. ब्लॉक धुऊन, चुंबकीय तपासणी आणि दाबाची चाचणी झाल्याशिवाय त्यावर पिस्टनचा एक डॉलरही खर्च करू नये.

फ्लॅटहेड घ्यायचेच ठरले, तर वर्षांकडे लक्ष द्यावे. १९४८ पर्यंतच्या इंजिनांत क्लचच्या घराचा वरचा भाग ब्लॉकबरोबरच ओतलेला असतो, त्यामुळे जुने फोर्ड गिअरबॉक्स त्यांना सरळ जोडले जातात. ‘५९ए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्लॉकला म्हणूनच मागणी आहे. १९४९ ते १९५३ च्या ‘८बीए’ इंजिनांत ते घर बोल्टने बसते, वितरकाची (ठिणगीची वीज सिलिंडरना वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरची) जागाही बदलली आहे, आणि जुन्या चासीत घालताना वेगळे घर किंवा अडॅप्टर शोधावे लागते. त्या काळच्या फोर्डमध्ये सहा व्होल्टची, धन टोक जमिनीला जोडलेली वीजव्यवस्था होती, ती १९५५ पर्यंत टिकली. ती बारा व्होल्टवर आणायची की नाही, हेही आखणीतच ठरवावे, कारण दिवे, पंखा आणि स्टार्टर यांची खरेदी त्यावर अवलंबून आहे.

लांब पल्ल्याची गाडी हवी असणाऱ्याला मी मात्र शेवरलेचे स्मॉल ब्लॉक घे असेच सांगतो, आणि ‘सगळ्यांच्याच गाडीत तेच असते’ ही तक्रार ऐकून घेतो. १९५५ मध्ये २६५ घनइंचांचे हे इंजिन आले, १९५७ मध्ये २८३, १९६२ मध्ये ३२७ आणि १९६७ मध्ये ३५० घनइंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे. सगळ्यांना तेच का परवडते, याचे उत्तर त्याच्या वंशावळीत आहे: बाहेरचे आकारमान जवळपास तेच राहिले, त्यामुळे एका वर्षाचे हेड, मॅनिफोल्ड किंवा इंजिनाचे पाय दुसऱ्या वर्षाच्या ब्लॉकवर बहुतेक वेळा बसतात आणि सुटे भाग गावातल्या दुकानातही मिळतात. अपवाद लक्षात ठेवावेत. १९८६ पासून क्रँकच्या मागच्या बाजूचे तेलरोधक सील अखंड झाले आणि त्याबरोबर फ्लायव्हीलही बदलले. १९८७ पासून व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट कडेऐवजी मधोमध आले, त्यामुळे जुन्या घडणीची कव्हर त्या हेडवर चालत नाहीत.

जागेचा हिशेब येथे महत्त्वाचा ठरतो. शेवरलेचा वितरक इंजिनाच्या मागे असल्याने तो फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि बैठक यांमधल्या पत्र्याच्या भिंतीला, भिडतो, तर पुढे वॉटर पंप आणि पंखा रेडिएटरला. या इंजिनाचे वॉटर पंप दोन लांबींचे मिळतात. १९६८ पर्यंतच्या गाड्यांतील आखूड पंप घेतला की पुढे इंचाहून अधिक जागा सुटते आणि १९३२ च्या फोर्डमध्ये फायरवॉल न कापता काम निभावण्याची शक्यता वाढते. फोर्डचे स्वतःचे २८९ किंवा ३०२ घनइंचांचे इंजिन अरुंद आणि हलके आहे, वितरक पुढे असल्याने फायरवॉल मोकळी राहते, आणि फोर्डमध्ये फोर्डच हवे म्हणणाऱ्यांचे मनही राखले जाते. पण अनेक मूळ आवृत्त्यांत तेलाची टाकी पुढच्या बाजूला खोल असते आणि ती चासीच्या आडव्या तुळईवर आपटते, म्हणून मागे खोली असलेली टाकी आधीच मिळवावी लागते.

१९५१ चे क्रायस्लर हेमी किंवा १९४९ चे ओल्ड्समोबाइल रॉकेट पाहून मोह होतो. हेमी रुंद आणि फार जड आहे. मॉडेल ए मध्ये ते म्हणजे नाकापेक्षा मोती जड. १९९७ मध्ये कॉर्व्हेटबरोबर सुरू झालेले जनरल मोटर्सचे एलएस कुळ ताकद आणि इंधनाच्या दृष्टीने सरस आहे, परंतु त्याला संगणक, वायरिंग आणि सुमारे ५८ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाबाचा इंधन पंप लागतो, आणि उघड्या बॉनेटखाली ते प्लॅस्टिकच्या डब्यासारखे दिसते. बॉनेट बंद ठेवणार असाल तर खुशाल घ्यावे.

निवड दोन इंजिनांवर आली की गिअरचा हिशेब मांडावा, कारण महामार्गावर गाडी सुखाची होणार की डोके उठवणारी, हे अश्वशक्तीपेक्षा त्यावर ठरते. ताशी मैल गुणिले मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर गुणिले ३३६, भागिले टायरचा इंचातील व्यास, असे केले की इंजिनाचे मिनिटाला फेरे मिळतात. ६० मैल, ३.५० चा ॲक्सल आणि २८ इंचांचा टायर धरला तर २,५२० फेरे येतात, ४.११ चा ॲक्सल लावला तर सुमारे २,९६०. त्याच ३.५० च्या ॲक्सलपुढे ०.७० चा ओव्हरड्राइव्ह (इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर) असलेला ७००आर४ हा स्वयंचलित गिअरबॉक्स बसवला, तर फेरे सुमारे १,७६० वर येतात आणि गप्पा मारता येतात. मागे फोर्डचा नऊ इंची ॲक्सल बहुतेक सर्व पर्यायांना पुरून उरतो. सौम्य इंजिनाला आठ इंचीही पुरतो आणि वजन वाचते.

कार्बुरेटरच्या बाबतीत मोठे ते चांगले हा समज सोडावा. घनइंच गुणिले कमाल फेरे भागिले ३,४५६, आणि आलेल्या आकड्याचे ८५ टक्के, एवढी हवा रस्त्यावरच्या इंजिनाला लागते. ३५० घनइंचांना ५,५०० फेऱ्यांवर ही गरज सुमारे ४७५ सीएफएम (मिनिटाला घनफूट) येते, म्हणजे ६०० चा कार्बुरेटर पुरेसा होतो. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, निवडतानाही हाच संयम ठेवावा; अति उग्र कॅममुळे मंद फेऱ्यांवर निर्वात कमी पडतो आणि निर्वातावर चालणारा ब्रेक बूस्टर निकामी झाल्यासारखा वागतो.

ब्रेकचा उल्लेख आलाच आहे, तर १९३२ च्या फोर्डचे ब्रेक सळयांवर चालतात आणि फोर्डने हायड्रॉलिक ब्रेक १९३९ मध्ये आणले, हे विसरू नये. १९३९ ते १९४८ चे ड्रम जुन्या ॲक्सलवर बसवणे हा परंपरागत उपाय आहे. मास्टर सिलिंडर दुहेरीच घ्यावा. तो पायाखाली, चाकांच्या सिलिंडरपेक्षा खालच्या पातळीवर बसत असेल, तर द्रव मागे ओसरू नये म्हणून डिस्कसाठी २ आणि ड्रमसाठी १० पीएसआयचा दाब धरून ठेवणाऱ्या झडपा लावाव्या लागतात.

आता जुळणीचा क्रम. रिकामा ब्लॉक, हेड आणि गिअरबॉक्सचे रिकामे कवच चासीत ठेवून, बॉडी, रेडिएटर आणि स्टेअरिंग जागेवर बसवून मगच इंजिनाचे पाय वेल्ड करावेत. शेवरलेच्या व्हेगा गाडीचा स्टेअरिंग बॉक्स डाव्या रुळावर आला की त्या बाजूचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड त्याला घासतो, आणि ही अडचण कागदावर कधीच दिसत नाही. इंजिन मागे साधारण तीन अंश कलते ठेवावे, कारण कार्बुरेटरची बैठक तो कल धरूनच तासलेली असते, आणि मागच्या ॲक्सलचे तोंड त्याच कोनाला समांतर ठेवावे, नाहीतर गाडी धावताना थरथरते. पंखा आणि रेडिएटर यांत इंचभर मोकळी जागा राहू द्यावी. रंग लावण्याआधी गाडी उघड्या पत्र्यावरच काही शे मैल चालवावी आणि मग पूर्ण सुटी करावी. रंगवलेल्या चासीवर पुन्हा वेल्डिंग करण्याचे दुःख एकदा भोगलेला माणूस हा टप्पा परत गाळत नाही.

पहिल्यांदा इंजिन सुरू करण्याच्या दिवशी घाई टाळावी. सपाट टॅपेटचा नवा कॅम असेल, तर इंजिन पेटताच ते मंद न ठेवता २,००० ते २,५०० फेऱ्यांवर वीस मिनिटे चालवावे लागते आणि तेलात जस्ताचे पुरेसे प्रमाण असावे लागते. म्हणून तेलाचा पंप आधी बाहेरून फिरवून दाब आलेला पाहावा, रेडिएटर भरलेला असावा, प्रज्वलनाची वेळ स्थिर अवस्थेत लावलेली असावी आणि पेट्रोलची गळती नाही हे तपासलेले असावे. शेजारी एक माणूस पाण्याचा पाइप आणि अग्निशामक घेऊन उभा करावा, आणि दुसऱ्याने फक्त तेलाच्या दाबाच्या काट्याकडे पाहावे.